दप्तरातला चिमटा

दप्तराच्या आतल्या कप्प्यात, कंपासपेटीखाली, भुवयांचा चिमटा सापडला. लेक साडेपंधरा वर्षांची, भुवयांना तिनं कधी हातही लावलेला नाही. मग दोन दिवस मी तिच्या हनुवटीकडे चोरून बघत राहिले. जबड्याच्या कडेला बारीक लालसर ठिपके होते. रोज केस उपटत होती आणि मला पत्ता नव्हता.

तसं ‘पीसीओडी’ हे नाव घरात आधीच येऊन गेलं होतं. (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, ज्यात पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येऊ शकतात. डॉक्टर हल्ली पीसीओएस म्हणतात, आपल्या तोंडी मात्र पीसीओडीच बसलंय.) ती तेरा वर्षांची होती, पाळी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. एका ठिकाणी सोनोग्राफी केली आणि ते नाव रिपोर्टवर छापून आलं. त्या रात्री मी नेटवर बसले आणि पहाटेपर्यंत मला गुन्हेगार सापडला: प्लॅस्टिक. सकाळी डबे, बाटल्या, झाकणं, सगळं पोत्यात कोंबलं. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आई, किती डबे टाकले की माझी पाळी वेळेवर येईल?”

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

संशय अगदीच हवेतला नव्हता. बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, घ्या. हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनसारखं वागतं हे चार्ल्स डॉड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९३६ सालीच दाखवलं होतं. औषध म्हणून ते फिकं पडलं, १९३८ मध्ये त्याहून कितीतरी जोरकस संयुग हाती आलं आणि बीपीए मागे राहिलं. पुढे तेच कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या अस्तरात आणि छापील पावत्यांच्या गुळगुळीत कागदात शिरलं. म्हणजे त्याचं हार्मोनपण आधी कळलं आणि बाटल्या नंतर झाल्या. हे वाचलं तेव्हा मी खरंच चिडले.

पीसीओएस असलेल्या बायकांच्या रक्तात बीपीए जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत, किशोरवयीन मुलींवरचेही. पण गोम अशी, की पुरुषी हार्मोन वाढलं की यकृताचा बीपीए निकामी करण्याचा वेग मंदावतो, असं उंदरांमध्ये दिसलंय. मग रसायनामुळे आजार झाला, की आजारामुळे रसायन साचलं? शिवाय बीपीए एका दिवसात बहुतेक लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे एका नमुन्यातून फार तर कालचा दिवस कळतो, मुलीची आधीची पंधरा वर्षं नाही.

चिमटा सापडल्यावर दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला सारला आणि लेकीला (मला नाही!) पाळीच्या तारखा विचारल्या. मग कागदावर आकडे मांडत समजावलं. पहिल्या वर्षात पाळी पुढेमागे होणं हा आजार नाही. तीन वर्षं झाल्यावरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, आणि जोडीला पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा असतील, तर पीसीओएस म्हणायचं. मुलींमध्ये दोन्ही लागतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी निदानासाठी सोनोग्राफी धरायची नाही, कारण या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसू शकतं. “मग त्या रिपोर्टातल्या गाठी?” लेकीनं विचारलं. “त्या गाठी नव्हेतच गं. अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश आहेत.” दोन वर्षं पोरगी पोटात गाठी आहेत असं समजून वावरत होती. त्या पहिल्या रिपोर्टचा मला अजून राग आहे.

आता मात्र दोन्ही होतं: पाळीत पन्नास-पन्नास दिवसांचं अंतर, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. निदान झालं, उपचार सुरू झाले. त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते तिचं तिचं आहे.

डबे टाकल्याचा पश्चात्ताप नाही. गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये घालत नाही, पावती नको असेल तर घेतच नाही. ‘बीपीए-मुक्त’ या शिक्क्यावर मात्र भरवसा ठेवत नाही, कारण पुष्कळदा त्या जागी बिस्फेनॉल-एस हा त्याचाच चुलतभाऊ असतो. लेकीला पटलं ते वेगळंच. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींनी तीन दिवस फ्थॅलेट, पॅराबेन, ट्रायक्लोसान (हार्मोनमध्ये ढवळाढवळ करण्याचा संशय असलेली रसायनं) नसलेली प्रसाधनं वापरली, तर लघवीतलं मिथाइल पॅराबेन ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी घटलं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानं कुणाची पाळी नियमित झाली असं त्यात कुठंही नाही, हेही तिनंच मला दाखवलं. तरी लोशन बदललं. सुगंधी स्प्रे मात्र ठेवलाय. “एक तरी राहू दे गं.” राहू दे.

चिमटा आता आरशाखालच्या फळीवर, कंगव्याशेजारी असतो. आणि काल सकाळी न्हाणीघरातून, बाबा बाहेर बसलेला असताना, मोठ्यांदा आवाज आला, “आई, लिहून ठेव, ३९ दिवस!”