प्रवाळ बेटावर मुलांसाठी तरणतलाव बांधताना

मालदीवसारख्या ठिकाणी तलावाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चहूकडे समुद्र असताना तलाव कशाला? तलाव हवा तो भिंतीसाठी. समुद्रात वाढलेलं मूल पाण्याला घाबरत नाही, त्याचा दमही चांगला असतो. पण 25 मीटरच्या तलावात 100 मीटरची शर्यत म्हणजे तीन वळणं. प्रत्येक वळणाला भिंतीला पाय रेटून 15 मीटरपर्यंत पाण्याखालून जायची मुभा असते. शर्यत बऱ्याचदा तिथेच ठरते, आणि हे समुद्रात शिकवता येत नाही.

मग 50 मीटरचा का नको? बियोको बेटावरच्या मालाबोत हॉटेलच्या छोट्या तलावात सराव करून इक्वेटोरियल गिनीचा जलतरणपटू एरिक मुसांबानी 2000 च्या सिडनी ऑलिंपिकला गेला. 50 मीटरचा तलाव त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिला. 100 मीटरला त्याला 1 मिनिट 52.72 सेकंद लागले. हे उदाहरण मोठ्या तलावाच्या बाजूने दिलं जातं, तरी मी 25 मीटरच म्हणेन. 50 बाय 25 मीटर आणि 2 मीटर खोल तलावात 2,500 घनमीटर पाणी लागतं. 2.5 मीटरच्या सहा लेन आणि सरासरी 1.6 मीटर खोली धरली तर 25 मीटरच्या तलावाला 600 घनमीटर पुरतं. वाचलेल्या पैशात प्रशिक्षकांचे पगार निघतात आणि स्पर्धेआधी मोठ्या मुलांना दोन-तीन आठवडे बाहेरच्या 50 मीटरच्या तलावावर पाठवता येतं.

खरी गोम जमिनीखाली आहे. बेटाची उंची मीटर-दीड मीटर, त्याखाली भूजल, आणि तेही भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारं. रिकामा तलाव अशा जमिनीत होडीसारखा तरंगतो. हिशोब करून बघा: बाहेरून 25.7 बाय 15.7 मीटर, म्हणजे 403 चौरस मीटरचा तळ. भूजल तळाच्या खालच्या पातळीपेक्षा 1 मीटर वर आलं की उचल सुमारे 403 टन. 30 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब 290 टन, भिंती 100 टन, एकूण 390. तलाव उचलला जातो, कोपऱ्यांना तडे जातात आणि पाइपांचे जोड तुटतात. सर्वांत धोक्याचे दिवस बांधकामातले: भिंती झाल्या आहेत, पाणी भरलेलं नाही, आणि रात्री वीज जाऊन खड्ड्यातलं भूजल उपसणारे पंप बंद पडले. शिवाय भरमसाट उपसा केला तर खालचं खारं पाणी वर येतं आणि शेजारच्या विहिरी खारट होतात.

म्हणून तलाव जमिनीत पुरूच नये, मीटरभर वर उचलावा. आराखड्याआधी साध्या बोअरमध्ये महिनाभर भूजलाची पातळी मोजावी, म्हणजे अमावस्या आणि पौर्णिमा दोन्हींची उधाणं त्यात येतात. उचललेल्या तलावाचा दुसरा मोठा फायदा पंपांना होतो. पंपखोली जमिनीच्या पातळीवरच, डेकखाली (तलावाभोवतीच्या कट्ट्याखाली) बसते. खड्ड्यात पंप बुडण्याची भीती उरत नाही आणि तलावाची पातळी वर असल्याने पंपाला पाणी आपोआप मिळतं. फक्त चाकाच्या खुर्चीसाठी मीटरभर चढायला 12 मीटरचा रॅम्प लागतो. त्याची जागा आधीच राखून ठेवावी.

काँक्रीटसाठी किनाऱ्यावरची वाळू किंवा प्रवाळाचा चुरा कधीही वापरू नये. त्यातल्या क्लोराइडने सळई आतून गंजते. मालदीवमध्ये नदीची वाळू आणि खडी बाहेरून येते. 2024 मध्ये भारताने प्रत्येकी 10 लाख टनांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. सळईवर काँक्रीटचं किमान 50 मिलिमीटर कव्हर हवं. हे अंतर राखायला सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक कमी लावले की पहिला गंज तिथेच दिसतो.

लांबीत होणारी चूक फार जिव्हारी लागते, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. जागतिक जलतरण संघटनेच्या नियमात तलाव 1 सेंटिमीटर जास्त चालतो, एक मिलिमीटरही कमी चालत नाही. हे माप पाण्याच्या 30 सेंटिमीटर वरपासून 80 सेंटिमीटर खालपर्यंत सगळीकडे लागू असतं. काँक्रीटमध्येच बरोबर 25 मीटर धरले तर गिलावा आणि टाइल लावून तलाव 24.93 होतो आणि मुलांच्या वेळा अधिकृत धरल्या जात नाहीत. एका टोकाला 1 सेंटिमीटर जाडीचा टचपॅड (हात लागताच वेळ नोंदवणारी पाटी), तयार अंतर 25.015 आणि दोन्ही भिंतींवर मिळून 7 सेंटिमीटरचा थर धरला तर काँक्रीट ते काँक्रीट 25.085 मीटर ठेवावं. पाणी डेकच्या पातळीला असलं तरी टोकाच्या दोन्ही भिंती 30 सेंटिमीटर वर काढाव्यात, नाहीतर टचपॅड टांगायला जागा राहत नाही.

छप्पर हवंच, भिंती नकोत. नियमाप्रमाणे पाणी 25 ते 28 अंश असावं. विषुववृत्ताजवळच्या उन्हात उघडा, उथळ तलाव त्यापलीकडे सहज जातो आणि अशा पाण्यात जोरदार सराव मुलांना घातक ठरतो. बंदिस्त हॉलमध्ये क्लोरीनयुक्त दमट हवा साचते. 1985 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तलावावरचं छत कोसळून 12 जण गेले. छत धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना क्लोराइडमुळे न दिसणारे तडे गेले होते. त्यामुळे छताचा भार 304 किंवा 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या टांगणीवर सोडू नये.

चार तासांत सगळं पाणी एकदा फिरायला हवं, म्हणजे तासाला 150 घनमीटर. त्यासाठी 2 मीटर व्यासाचे वाळूचे दोन फिल्टर पुरतात. आठवड्याच्या बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुवायला) प्रत्येकी सुमारे 10 घनमीटर जातं, बाष्पीभवनात रोज जवळपास 2. वर्षाला 1,700 घनमीटरच्या वर. 600 चौरस मीटर छपरावरून पावसाचं सुमारे 900 मिळतं, उरलेलं खाऱ्या पाण्यातून गोडं करून घ्यावं लागतं.

द्रवरूप क्लोरीन उष्ण गोदामात आठवड्यागणिक कमजोर होतं, म्हणून मिठापासून जागेवरच तयार करणारं यंत्र बेटाला सोयीचं. आम्लाचे कॅन मात्र वेगळ्या, कुलूपबंद खोलीत. दोन्ही पंप एकाच मॉडेलचे घ्यावेत आणि त्यांचे सील, बेअरिंग आणि एक जादा मोटर पहिल्याच जहाजाने मागवावी. एक सील गळल्यावर पुढच्या बोटीची वाट बघत तलाव बंद राहिला, तर 36 मुलांच्या एका तुकडीचा तेवढे दिवस सराव बुडतो.