माळ्यावरची पोथी: सोडण्याआधी आणि सोडल्यावर

ठाण्यात नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की माळे रिकामे होतात आणि रुमालात बांधलेल्या पोथ्या खाली येतात. 'आता कोणाला वाचता येतंय' म्हणत त्या खाडीत सोडू नका. काजळीची शाई उन्हापावसाच्या आड शतकं टिकते, पाण्यात मात्र सुटते.

गणिताची पोथी वरून गणिताची वाटत नाही. आपल्याकडे गणित ज्योतिषाच्या पोटात वाढलं, म्हणून लीलावती (भास्कराचार्यांचा गणितग्रंथ) कुंडल्यांच्या गठ्ठ्यात निघते. पानाच्या मागच्या बाजूचा समास बघा: पानाचा आकडा तिथे असतो, शेजारी 'ली.' किंवा 'ग्र. ला.' (ग्रहलाघव, ग्रहगणिताचा ग्रंथ) असा संक्षेप. नावावर मात्र भिस्त नको. आर्यभट दोन झाले, त्यांच्या ग्रंथांचा घोळ अभ्यासकांनाही सुटत नव्हता. भाऊ दाजी लाड यांनी 1864 मध्ये मूळ आर्यभटीयाच्या प्रती मिळवल्या, तेव्हा कुठे तो सुटला.

रुमाल सोडला की आहे त्याच क्रमाने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, मोबाइल पानाच्या बरोबर वर, शेजारी फूटपट्टी. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. पेशावरजवळच्या बख्शालीत 1881 साली शेतकऱ्याला खणताना गणिताची भूर्जपत्रं (भूर्ज झाडाच्या सालीवर लिहिलेली पानं) सापडली. बराचसा भाग काढतानाच गेला, उरली 70 पानं, आणि त्यांचा क्रम अभ्यासकांना तर्काने लावावा लागला. 2017 मध्ये तीन नमुन्यांची कार्बन तपासणी जाहीर झाली, तर तिघांची वयं काही शतकांच्या अंतराने निघाली. त्यावरून वाद झाला.

सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आपल्या खाडीकाठच्या हवेत सुती कापडच बरं. मजकुरावर पिवळे पट्टे दिसले तर खरवडू नका. लेखनिकाने चूक झाकायला लावलेला तो हरताळ. 'हरताळ फासणे' यातलाच. त्यात आर्सेनिक असतं, तेव्हा हात धुवा.

मग शेवटच्या पानावरची पुष्पिका, म्हणजे ग्रंथाची आणि प्रतीची माहिती देणारा समारोप. शक अनेकदा शब्दांत असतो. भास्कराचार्यांचा जन्मशक 'रसगुणपूर्णमही': रस 6, गुण 3, पूर्ण 0, मही 1. आकडे उलटे मांडायचे, 1036. त्यात 78 मिळवले की इसवी सन 1114. नवखे इथेच फसतात: श्लोकातला शक ग्रंथकाराचा, प्रत त्यानंतर कित्येक शतकांनी उतरवलेली असू शकते. 'घरात 900 वर्षांची पोथी' अशा बातम्या यातूनच येतात.

लेखनिकाचा शक त्याच्या खाली, बहुधा संवत्सरासह (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव) येतो. तो ताडून बघता येतो. शकात 12 मिळवा, 60 ने भागा. बाकी जितकी, तितका संवत्सर पहिल्यापासून, म्हणजे प्रभवापासून मोजायचा (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). शिवराज्याभिषेकाचा शक 1596 घ्या: 1608 भागिले 60, बाकी 48, अठ्ठेचाळिसावा आनंद. जुळतं. तुमच्या पोथीत जुळलं नाही, तर आधी 1 आणि 9 पुन्हा वाचा. जुन्या वळणात तेच सर्वांत जास्त चकवतात.