थायरॉइडची गोळी आणि काळ्या रेषा

मी लॅब टेक्निशियन, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. सकाळच्या होम कलेक्शनमधलं रामबागेतलं ते घर शेवटचं होतं. काका पन्नाशीचे, पण पलंगावरून उठले ते भिंत धरून. काकूंनी फाइल पुढे केली. महिनोन्‌महिने थकवा, वजन उतरलेलं, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) वाढून ८.४, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी सुरू केलेली थायरॉइडची गोळी. "गोळी सुरू झाली आणि जास्तच खचलेत रे. आता उलट्याही होतायत." त्या उलट्यांमुळेच सोडियम-पोटॅशियम सांगितलं होतं.

पोटॅशियमसाठी रक्त घेताना मी मूठ उघडझाप करू देत नाही. पट्टा आवळलेला असताना हात चालवला की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. आमच्यातले निम्मे लोक अजूनही "मूठ दाबा, सोडा, दाबा" करतात आणि मग रिपोर्टला दोष देतात. तर काकांचा हात उघडाच होता, आणि तळहाताच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या.

"स्कूटरवर फिरून रापलेत," काकू म्हणाल्या.

ऊन तळहाताच्या रेषांत शिरत नाही. काकांना ओठ वर करायला सांगितला. हिरड्यांवरही काळपट डाग. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलात शिकत असताना वॉर्डात असा एक रुग्ण पाहिला होता, म्हणून सहज विचारलं, "काका, खारट खावंसं वाटतं का?"

काकू हसल्याच. "वरणभातावर सेव घेतात. लोणच्याचा खार चमच्याने खातात!"

इंदुरात सेवच्या वेडाला आजार कोण म्हणेल?

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स बनवतात. अल्डोस्टेरॉन गेलं की लघवीतून मीठ वाहून जातं, पोटॅशियम साचतं, रक्तदाब पडतो. शरीर मीठ मागतं ते त्यामुळे. कॉर्टिसोल कमी झालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन, सोडत राहते, आणि एसीटीएचचा तो पूर त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतो. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं, म्हणून हा अ‍ॅडिसनचा आजार. कॉर्टिसोलचा लगाम सुटला की टीएसएचही थोडा वर चढतो. त्यावर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, दिली तर उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी वेगाने संपतं. काका गोळीने खचले ते असे.

हे सगळं मला त्या घरात बोलता येत नव्हतं. टेक्निशियनने निदान सांगायचं नसतं. काकूंना एवढंच म्हटलं, की आज यांना एकटं सोडू नका, फोन जवळ ठेवा.

लॅबमध्ये सोडियम १२१, म्हणजे फारच कमी, आणि पोटॅशियम ५.९, म्हणजे जास्त, आलं. पेशी फुटून पोटॅशियम वाढलं असतं तर सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) गुलाबी दिसलं असतं. हे स्वच्छ पिवळं होतं. तरी पुन्हा लावलं, आकडे तेच. लॅबच्या मॅडमना आकड्यांसोबत तळहातांचंही सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच काकांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून "थायरॉइडचे पेशंट आहेत ते" ऐकू आलं. मॅडम दोनदा शांतपणे म्हणाल्या, "कॉर्टिसोल बघू या."

दुपारी काका आयसीयूत. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टेरॉइड, देण्याआधी रक्त हवं होतं, आणि त्यासाठी इंजेक्शन थांबवून चालणार नव्हतं. सुई लावली, नमुना घेतला, लगेच १०० मिलिग्रॅम आणि सलाइन. एसीटीएच फार नाजूक. जांभळ्या झाकणाची ट्यूब, बर्फ, थंड सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा वेगळा करून लगेच फ्रीजरला. बर्फाचा डबा मी मांडीवर धरून रिक्षातून आणला. कॉर्टिसोल २ च्या आसपास, म्हणजे फारच कमी, आणि एसीटीएच हजाराच्या वर, कित्येक पट जास्त. पुढे सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या आणि कारण निघालं क्षय. आपल्याकडे अजूनही ते पहिल्यांदा शोधावं लागतं.

थायरॉइडची गोळी नंतर बंद झाली; स्टेरॉइडच्या गोळीने कॉर्टिसोल भरून आल्यावर टीएसएच आपोआप उतरला. राग त्या पहिल्या डॉक्टरांचा तितका येत नाही, पॅकेजचा येतो. त्यात टीएसएच असतो, कॉर्टिसोल नसतं. मग जे छापून येतं त्यालाच औषध मिळतं. तळहात कुठल्याही पॅकेजमध्ये नाहीत.

परवा काकूंचा फोन आला. शेजारचे म्हणतात, स्टेरॉइड वाईट, किडनी जाते, हळूहळू बंद करा. मी नियम बाजूला ठेवून ओरडलोच: "काकू, ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांना विचारून वाढवायची, कमी नाही करायची." शेजाऱ्यांचं ऐकून गोळी थांबवली तर नाही ना, ते विचारायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे, रक्त घ्यायच्या निमित्ताने.