आमची वाटचाल : मावशींच्या आवाजातलं प्रमाण

होळी झाली की कोल्हापुरात गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात आणि पाऊस लागेपर्यंत आमच्या कांडपाला उसंत नसते. सासूबाईंनी एका यंत्रावर हा धंदा उभा केला. गिऱ्हाईक पिशवी घेऊन यायचं, समोर बसून आपला मसाला कुटून न्यायचं. पुढे लेकी-सुना पुण्या-मुंबईला गेल्या आणि पिशव्या कमी झाल्या.

2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं, ते आम्ही लगेच घेतलं. ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, म्हणून सगळ्यांना भाव पाठवला. उत्तरं मोजकीच. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, हे मागाहून कळलं. तेव्हापासून प्रत्येक पुड्यात चिठ्ठी असते : 'आमचा नंबर सेव्ह करा.'

ग्रुपवर सुप्रभात आणि फॉरवर्डचा मारा वाढला, तेव्हा 'फक्त अ‍ॅडमिन' ही सोय लावली. ग्रुप शांत झाला, आणि ऑर्डरीही थंडावल्या. खोबरं किती भाजायचं यावर बायकांचे वाद रंगायचे, त्यातूनच नवी गिऱ्हाइकं जोडली जात होती. महिन्याभरात ग्रुप पुन्हा खुला केला. सुप्रभात चालतं आम्हाला.

पण आमचा खरा आधार व्हॉइस मेसेज. टाइप करणं ज्यांना जमत नाही त्या मावशी बोलून मोकळ्या होतात : "अगं, ब्याडगी एक किलो, संकेश्वरी पाव, धणे पाव, खसखस नेहमीची, आणि दगडफूल जरा हात राखून घाल हं." मागे मिक्सरचा आवाज, नातवाची रड. मी तो दोनदा ऐकते, सापडावा म्हणून त्याला स्टार लावून ठेवते. पुढच्या वर्षी "मागच्यासारखंच" एवढा निरोप आला तरी पुरतं.

एकदा फोन बिघडला, बॅकअप घेतलेला नव्हता. एका हंगामाची सगळी प्रमाणं गेली. घरोघरी फोन करून पुन्हा विचारताना फार वाईट वाटलं. त्यातल्या दोघी तर आता राहिल्याही नव्हत्या. एकीच्या मुलीला आईचं प्रमाण हवं होतं, मला ते देता आलं नाही.

आता प्रत्येक प्रमाण वहीतही उतरवते. 'हात राखून' म्हणजे नेमकं किती, ते मात्र वहीत येत नाही. त्यासाठी दर रविवारी दुकान बंद केल्यावर बॅकअप घेते.