तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो असताना पुन्हा रंग कशाला?

“फोटो मोबाईलमध्ये हायच की. मग त्याचे खण पाडून परत रंग कशाला भरत बसताव?” लातुरात शेजारपाजारी, माहेरी उदगीरकडे गेलं की तिकडेही, कुणी ना कुणी हे विचारतंच. मोबाईल-टॅबवर नंबरच्या खणांत त्या त्या नंबरचा रंग भरायचे खेळ आता सगळ्यांना माहीत आहेत. ते आयतं चित्र सोडून मी आपल्याच फोटोंची चित्रं का करते, याचं नवल वाटतं.

करते, कारण फोटो काढताना मी बैलाकडे नीट पाहिलेलंच नसतं. रंग ठरवायला बसले की पाहावं लागतं.

पोळ्याला भावाच्या बैलाचा फोटो काढला होता. देवणी जातीचा, त्यातला वानेरा प्रकार: अंग पांढरं, तोंड काळं. मोबाईलचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा, आणि एकेक ठिपका 1 कोटी 67 लाख रंगांपैकी कुठलाही असू शकतो. त्यातून मला हवे होते 80 बाय 60, म्हणजे 4,800 खण आणि फक्त 16 रंग. फोटो घातला की खण पाडून देणारी ॲप आहेत, पण मी कॉम्प्युटरवर जिंप (GIMP) हा फोटोंवर काम करायचा प्रोग्राम वापरते. ते फुकट आहे आणि घरच्यांचे फोटो कुठे अपलोड करावे लागत नाहीत. आधी आकार लहान करायचा, मग इंडेक्स्ड मोडमध्ये, म्हणजे मोजकेच रंग ठेवायच्या सोयीत, रंगांची संख्या टाकायची. डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या रंगाचा भास करणं, बंद ठेवायचं, नाहीतर खणांचा नुसता चिवडा होतो.

इथपर्यंत यंत्राचं काम. पण यंत्र जवळजवळचे रंग एकत्र करतं आणि ज्याने जास्त जागा व्यापली त्याला झुकतं माप देतं. फोटोत मागे मातीची भिंत, खाली मुरमाचं अंगण. सोळातले निम्मे नंबर तपकिरीच निघाले आणि लाल वेसण पार गायब! वेसणीचे खण ते किती, मोजून मूठभर. ते शेजारच्या रंगात गेले. वेसण नसलेला बैल भावाला दाखवायची सोय नाही. मग भिंतीचे दोन तपकिरी एक करून एक नंबर मोकळा केला, आणि त्यावर लाल हाताने घातला.

सगळ्यात जास्त वेळ पांढऱ्याने घेतला. पांढरा बैल म्हणजे एक नंबर, असं मला वाटायचं. पण पाठीवर उन्हाचा पिवळसर, झुलीच्या कडेला सावलीत निळसर, आणि पोटाखाली चक्क तांबूस. मुरमावरून उसळलेला उजेड पोटाला लागला होता. इतकी वर्षं आमच्या गोठ्यात देवणी जनावरं आहेत, मी हा तांबूस कधी पाहिला नव्हता. त्याला स्वतंत्र नंबर दिला.

नंबर पाहून रंगवायचे संच 1950 नंतर लगेचच अमेरिकेत निघाले. डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत डॅन रॉबिन्स यांनी ते आखले. दुसऱ्याने आखलेल्या रेघांत रंग भरणं ही कसली कला, अशी टीका तेव्हाही झाली. आयत्या चित्राबद्दल ती मला पटते. पण इथे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आपणच ठरवतो.

रंगवते मात्र आई. मोतीबिंदू काढल्यापासून तिला टॅबवर बरं दिसतं. नंबर निवडला की त्याचे खण करडे होतात, त्यावरून बोट ओढत जायचं. मी म्हटलं, “आई, एकपासून ओळीनं भर की.” ती म्हणाली, “आधी बैल होऊ दे. भिंतीचं मग बघू.” तिने काळा घेतला आणि तोंड, नाकपुड्या, डोळा पुरा केला. तिचं बरोबर होतं. गडद रंग आधी भरले की आकार लगेच उभा राहतो. मग शिंगांपाशी थांबली. “शेंब्या कुठं गेल्या गं?”

शिंगांच्या टोकांवरच्या पितळी टोपणांच्या, म्हणजे शेंब्यांच्या खुणा 80 खणांच्या रुंदीत एकेका खणापुरत्या उरल्या होत्या. मी तोच फोटो परत घेतला, मागची भिंत जवळजवळ सगळी कापली. बैल मोठा झाला, तेवढ्याच खणांत शेंब्यांना जागा झाली, आणि आईने तो नव्याने रंगवला.

आता मामाच्या लाल कंधारी जातीच्या बैलाची पाळी आहे. तिथे अडचण उलटी, अंगभर लालच. दुपारच्या फोटोतून निघालेले लाल इतके सारखे, की आईला सहा आणि सात नंबर वेगळे दिसेनात. सकाळच्या तिरप्या उन्हात उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू वेगळी पडते, तेव्हाचा फोटो हवा. मामाला तसं सांगितलंय. शेंब्या घालूनच उभा कर, हेही आईने फोनवर सांगून ठेवलंय.