सगळाच लकवा नसतो

खान्देशात हात लुळा पडला, पाऊल लोंबलं किंवा तोंड वाकडं झालं की घरात एकच शब्द निघतो: लकवा. मग कुणी कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवतं, कुणी गरम विटेचा शेक. मेंदूत गुठळी अडकली असेल तर या धावपळीत मोलाचे तास जातात. आणि नुसती एक नस दबलेली असेल, तर चालताबोलता माणूस धास्तीने अंथरूण धरतो. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे.) प्रत्येक नसेची वाट ठरलेली असते. कोणती हालचाल गेली आणि कातडी नेमकी कुठे बधिर झाली, एवढं नीट पाहिलं तर बिघाड कुठे आहे याचा बराच अंदाज येतो.

आधी घाईचं. एकाच बाजूचा हात-पाय, किंवा हातासोबत तोंड नि बोलणं अचानक गेलं, तर मेंदूचाच झटका समजा. बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच लोक सकाळपर्यंत थांबतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून निघणाऱ्याचा बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून १०८ ला फोन करतानाच सीटीची सोय असलेलं रुग्णालय विचारा, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळणं बिघडलेलं असलं तर ते श्वासनलिकेत उतरतं.

नुसतं तोंड वाकडं असेल तर भुवया वर करायला सांगा. त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळाही मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा चांगला होतो. तोवर डोळा जपा: दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी. कपाळ ठीक आणि खालचाच चेहरा ओघळलेला असेल, तर ते मेंदूचं. वरची घाई लागू.

आता पाऊल, कारण इथल्या शेतीशी त्याचा थेट संबंध आहे. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचं टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. निंदणीला, मिरची तोडायला तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दबते. उठल्यावर पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते, अंगठा ठेचाळतो, पावलाची वरची बाजू बधिर होते. इथे एक खूण फार उपयोगी: पावलाचा तळवा आतल्या बाजूला जोर लावून वळवायला सांगा. तो जोर शाबूत असेल तर दाब गुडघ्यापाशी. तोही गेला असेल आणि कंबरेतून कळ येत असेल, तर मणक्यातली नस तपासावी लागते. कुल्ल्यावर इंजेक्शन घेताना पायात वीज चमकली आणि मग पाऊल लोंबलं, तर मोठ्या नसेला इजा झाली असण्याची शक्यता आहे. तो डॉक्टर बदलला तरी चालेल, पण ही हकिगत पुढच्याला सांगाच.

नुसत्या दाबाने नसेचं आवरण बिघडलं असेल तर साधारण ६ ते १२ आठवड्यांत ताकद परतते. आतला धागा तुटला तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. तोवर पाऊल काटकोनात धरणारा पट्टा वापरायचा, नाहीतर टाच आखडते. उकिडवं बसणं पूर्ण बंद. निंदायला पाट किंवा बुटका स्टूल घ्या. नसांची विजेवरची तपासणी पहिल्या आठवड्यात केली तर निम्मं चित्र दिसतं, दोन-तीन आठवड्यांनी करा.

हाताचंही तसंच. दारू पिऊन किंवा थकून बाजेच्या काठावर दंड टाकून गाढ झोप लागली की सकाळी मनगट लोंबतं. पकडही गेल्यासारखी वाटते, पण मनगट आधार देऊन सरळ धरा आणि मग मूठ आवळायला सांगा. पकड आली तर दंडातली नस दबली आहे. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस. करंगळीला मुंग्या असतील तर कोपरापाशी बघा.

कोपरामागे किंवा गुडघ्याखाली नस दोरीसारखी जाड लागली आणि अंगावर न दुखणारा, न खाजणारा बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यायलाच हवी. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, ६ किंवा १२ महिन्यांचं. लाजेपायी लपवलं तर बोटं वाकतात. उपचार चालू असतानाच अचानक नस ठणकली किंवा ताकद घटली तर औषध सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर नस वाचते.

बधिर पायाला, मग तो कुष्ठरोगाचा असो वा मधुमेहाचा, शेक कधीच देऊ नका. भाजलेलं कळत नाही. भुसावळच्या मे महिन्यात अनवाणी गच्चीवर वाळवण घालायला जाणंही तितकंच धोक्याचं. रोज रात्री तळवे आरशात बघा, आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा काढा.