तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीती करणारा देव शिक्षा का करतो?

शेजारच्या काकांनी माझ्याकडून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला नेलं होतं. ज्ञानेश्वरीची त्यांची पारायणं झाली आहेत, आणि निवृत्तीनंतर इतर धर्मांचे ग्रंथही मुळातून वाचायचे असं त्यांनी ठरवलंय. आठवड्याभरात ते दारात उभे. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात खुणेला बसचं तिकीट घातलेलं. म्हणाले, "ताई, देव प्रीती आहे असं तुम्ही म्हणता. तुमच्या चर्चच्या भिंतीवरही तेच लिहिलंय. मग सुरुवातीच्या दहा पानांतच सगळं जग बुडवलं, ते कोणी?"

प्रश्न नवा नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथे स्टाफरूममध्ये डबा खाताना तो कितीदा तरी आला. रविवारच्या शाळेतली मुलंही, प्रलयातून नोहा ज्या नौकेत बसून वाचला ते तारू रंगवता रंगवता विचारतात. एका मुलीने तारवात हत्ती-घोडे काढलेच, पण बाहेर पाण्यात एक हातही काढला होता, बोटं ताणलेली. "हा कोणाचा गं?" विचारलं तर म्हणाली, "ज्याला आत घेतलं नाही त्याचा." मला तिला काही सांगता आलं नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

काकांनाही दारात उभ्या उभ्या उत्तर देता येईना, कारण ते मूळचे नारायण पेठेतले. 12 जुलै 1961 ला ते दहा वर्षांचे होते. सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला, आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. ते लोक पर्वतीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर घरी आले तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ होती, आजोबांच्या तसबिरीच्याही वर. ओल्या धान्याचा आंबूस वास महिनाभर गेला नाही, म्हणतात. त्या दिवसांत कोणीतरी मोठं माणूस त्यांच्या आईला म्हणालं होतं, "पापं वाढली की असं होतं." धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी साठलं होतं, हे त्यांना पुढे कळलं. पण दहा वर्षांच्या मुलाच्या मनात ते "पापं वाढली" रुतून बसलं. म्हणजे काका मला नोहाबद्दल विचारत नव्हतेच.

मग मी त्यांना चहाला बसवलं आणि दोन वचनं शेजारीशेजारी ठेवून दाखवली. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात प्रलयाचं कारण दिलंय: माणसाच्या मनात येतं ते सारं वाईटच. त्याच्या लगेच पुढे, देवाच्या मनाला क्लेश झाले. लक्षात घ्या, तिथे संताप झाला असं लिहिलेलं नाही, दुःख झालं असं लिहिलंय. आता आठवा अध्याय, पाणी ओसरल्यानंतरचा. देव म्हणतो, पुन्हा मी असा संहार करणार नाही, कारण माणसाच्या मनातलं तर बालपणापासून वाईटच असतं. कारण तेच! ज्या कारणासाठी बुडवलं त्याच कारणासाठी यापुढे बुडवायचं नाही. माणूस काही सुधारला नव्हता. बदल झाला तो देवाच्या बाजूने. मग तो आपलं धनुष्य ढगात ठेवतो. हिब्रूत इंद्रधनुष्याला आणि लढाईतल्या धनुष्याला शब्द एकच आहे.

काका म्हणाले, "बुडले ते बुडलेच ना पण?" हो, बुडलेच. तो कागदावरचा हात मी पुसू शकत नाही.

माझं स्वतःचं उत्तर मला ग्रंथातून आधी मिळालं नाही, ते सासूबाईंकडून मिळालं. आमचं पहिलं बाळ नऊ दिवसांचं असताना गेलं. चौथ्या दिवशी मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडीलधारे भेटायला आले. प्रार्थना झाली, पाणी प्याले, आणि जाता जाता म्हणाले, "कुठे काही चुकलं असेल, तर प्रभूसमोर कबूल करा. आईबापांचं पाप मुलांवर येतं, असं वचन आहे." मी भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई जमिनीवर मेथी निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "भाऊ, लूकचा तेरावा काढा." त्यांनी पुस्तक उघडलं. "वाचा मोठ्यानं."

लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात तिथे असं आहे. शिलोहातला बुरूज पडला आणि त्याखाली अठरा माणसं मेली. येशू लोकांना विचारतो, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ही माणसं जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. उलट तुम्हीच पश्चात्ताप करा, नाहीतर तुमचाही नाश होईल. म्हणजे दुसऱ्याच्या घरावर पडलेल्या बुरुजाकडे बोट दाखवायला त्याने साफ मनाई केली, आणि ते बोट वळवलं दाखवणाऱ्याकडे. लगेच पुढे तो अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी आळं खणून खत घालतो.

ते वडीलधारे काही न बोलता गेले. सासूबाईंनी मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या बाळाला कुणी शिक्षा केलेली नाही. आता दोन घास खा."

पाप मुलांवर येतं हे वचन खोटं नाही, निर्गमाच्या पुस्तकात ते आहेच. पण त्याच शास्त्रात पुढे यहेज्केलाचा अठरावा अध्याय आहे. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण लोकांत रूढ झाली होती. देव म्हणतो, ही म्हण यापुढे इस्राएलात म्हणायची नाही, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. शिवाय, दुर्जनाच्या मरणाने मला आनंद होतो का, असा उलटा प्रश्न तो तिथे विचारतो. म्हणून शास्त्राचं एखादंच पान फाडून कोणी तुमच्या दुःखावर चिकटवलं, तर त्याला बाकीची पानं काढायला सांगा.

सासूबाईंना शिक्षणाची संधी मिळाली नव्हती. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी मास्तर कंदिलापाशी वाचायचे आणि त्या ऐकायच्या; पुष्कळसं शास्त्र कानांनीच पाठ झालेलं. मात्र देवाच्या न्यायाची भीती त्यांना कधी वाटली नाही, आणि लग्न होऊन आले तेव्हा मला याचंच नवल वाटायचं. माझं बालपण पुण्याच्या कॅम्पातलं. न्यायाचा दिवस म्हटलं की मी पांघरुणात तोंड लपवायची, आणि त्या मात्र आमोस संदेष्ट्याचं पुस्तक लागलं की ताठ बसायच्या. पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांना देव सोडणार नाही, हे वाक्य आलं की म्हणायच्या, "त्याला कळलं."

त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना चढू देत नसत. घागर खाली ठेवून उभं राहायचं, वरून कुणी पाणी ओतलं तर ओतलं. त्या मला म्हणाल्या होत्या, "उन्हात माझी आई दोन दोन तास उभी राह्यची. त्याचा हिशोब कुणीच घेणार नसेल, तर देवाची तिच्यावर प्रीती आहे हे मी कशावरून म्हणू?"

शिक्षेची वचनं आपण नेहमी आरोपीच्या जागेवर बसून वाचतो आणि घाबरतो. त्यांनी ती फिर्यादीच्या जागेवरून ऐकली होती. संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांच्या, पुस्तकांत देवाचा राग पेटतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या आसपास कोणीतरी रडत असतं. कधी ती विधवा असते, कधी परका, कधी खोट्या मापाने धान्य विकत घ्यावं लागलेला गरीब. ज्याची या माणसांवर प्रीती आहे, त्याला राग येणारच. न आला तर ती प्रीती कसली?

पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि पुढचं त्यांचं बोलणं मला जन्मभर पुरलंय. "त्यांना जाळू नको म्हणावं. त्यांना फक्त कळू दे."

हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिक्षा हा शब्द मुळात शिकवण्याचाच आहे. सहा वेदांगांतलं एक वेदांग शिक्षा." मला ते अगदी पटलं. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, असं वचन आहे. तिथला ग्रीक शब्द 'पायदेया', म्हणजे मुलाला वाढवणं, वळण लावणं.

हे वचन तोंडावर फेकून मुलांना बडवणारे आईबाप मी पाहिले आहेत, म्हणून माझीही एक गोष्ट सांगते. पाचवीच्या वर्गात एका मुलाने दुसऱ्याचा डबा खाल्ला. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, साहेब दारात होते, आणि मी त्याच्या तळहातावर पट्टीने मारलं. पाच वेळा. त्याने हात मागे घेतला नाही. दुपारी शिपाई मावशींनी सांगितलं, त्याची आई दवाखान्यात आहे, कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्या मारण्याला मी वळण लावणं म्हणूच शकत नाही. साहेबांसमोर माझी लाज गेली, त्याचा राग मी त्या हातावर काढला होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली.

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं. त्या राखेत बसून लिहिल्यासारखं विलापगीत आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की देव माणसांना मनापासून दुःख देत नाही. हिब्रूत शब्दशः 'हृदयापासून' असंच आहे. ते वाचते तेव्हा मला माझी पट्टी आठवते. मी हृदयापासूनच मारलं होतं. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देव लेकराला चालायला शिकवल्याची आठवण काढतो, रागावतो, आणि मग रागाच्या मधेच अडतो: एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडून देऊ? मी देव आहे, मनुष्य नव्हे. माणूस असता तर संताप पुरा केला असता, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

येशूच्या बाबतीतही हेच. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायाइतका कडक अध्याय शुभवर्तमानात क्वचितच असेल. ढोंग्यांनो, धिक्कार असो, असं पुन्हा पुन्हा. आणि शेवटाला त्याच दमात यरुशलेमेला म्हणतो, कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसं तुला घ्यायची माझी कितीदा इच्छा होती. आमच्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, ते उगाच नाही.

आता जे मला जमत नाही तेही सांगते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. अमालेकी नावाच्या शत्रूंच्या तान्ह्या मुलांनाही सोडू नका, अशी आज्ञा तिथे आहे. लोकांनी त्याची स्पष्टीकरणं पुष्कळ दिली आहेत, माझं समाधान एकानेही झालं नाही. तो अध्याय मी मुलांना शिकवत नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने यावर सोपा उपाय काढला होता: जुन्या कराराचा, म्हणजे येशूच्या आधीच्या पुस्तकांचा, देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, जुना करार टाकून द्या. मंडळीने ते नाकारलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. अमालेकी काढायला गेलं की होशेयही जातो, आमोस जातो, आणि त्यांच्याबरोबर माझ्या सासूबाईंचा देव जातो. मी त्या अध्यायापाशी तक्रार घेऊन उभी राहते. अब्राहामानेही देवाशी सदोम नगरी वाचवण्यासाठी घासाघीस केली होती. पन्नास नीतिमान सापडले तर नगर सोड, इथून ते दहांपर्यंत आणलं, आणि देव एकदाही रागावला नाही.

नरकाबद्दलही विचारतात. ऑगस्टिन या प्राचीन धर्मपंडिताने शिक्षा सार्वकालिक मानली आणि पश्चिमेकडची मंडळी बहुतांशी त्याच्या मागे गेली. निस्साचा ग्रेगरी हाही तसाच प्राचीन धर्मपंडित, पण त्याची आशा अशी होती की तो अग्नी सोनं शुद्ध करणाऱ्या आगीसारखा आहे आणि शेवटी सगळे बरे होतील. शास्त्रात दोन्हींना आधार सापडतो. मी ग्रेगरीसारखी आशा धरते, पण मुलांना ती खात्री म्हणून सांगत नाही. श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट मात्र मन लावून सांगते. श्रीमंताने काय केलं होतं? काहीच केलं नव्हतं. दारात फोडांनी भरलेला लाजर पडलेला असताना तो रोज जेवला. मेल्यावर आगीत पडल्यावरही त्याला, आता अब्राहामाजवळ असलेल्या लाजराला 'पाठवायचं' आहे, पाणी घेऊन. त्याला अजून कळलेलं नाही. आणि एवढं होऊनही अब्राहाम त्याला 'मुला' म्हणून हाक मारतो.

काकांना मी पुस्तक परत घेऊन जायला सांगितलं. तिकीट नवव्या अध्यायातून काढून योनाच्या पुस्तकात घातलं. चारच अध्याय आहेत, बसल्या बैठकीला होतील म्हटलं. निनवे नगरीचा नाश होणार असं योना ओरडून सांगतो, लोक पश्चात्ताप करतात, देव शिक्षा मागे घेतो, आणि योना चिडून बसतो. मला ठाऊकच होतं तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, अशी त्याची तक्रार. सगळं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं.

संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. पलीकडून काकांचा आवाज आला. चष्मा कपाळावर, पुस्तक हातात. "ताई, शेवटची ओळ वाचली. एक लाख वीस हजार माणसं, ज्यांना उजवंडावं कळत नाही, त्यांची मी कीव करू नये का, असं विचारतो." मी म्हटलं, "हो." ते पुन्हा पुस्तकात वाकले. "आणि गुरंसुद्धा धरलीत की हो त्याने!"